व्यापारी जहाजे आणि युद्धकाळ

दादर हे मुंबईतील अत्यंत गजबजलेले स्थानक. तेथून मध्य रेल्वेच्या धीम्या गाडीने दक्षिणेकडे निघाले, की परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा आणि सँडहर्स्ट रोड ही स्थानके मागे पडतात आणि मशीद स्थानक येते. या स्थानकाच्या पूर्वेस गोदीचा परिसर आहे. त्या परिसरात खलाशांसाठी बांधलेले एक निवासस्थान आहे आणि तेथे दोन महायुद्धांची स्मारके आहेत. पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींची स्मृती जतन केलेली आहे. दुसऱ्या महायुद्धाचे स्मारक म्हणजे नावांची एक नोंदवही होय. तीत तत्कालीन हिंदी आरमारातील सुमारे चारशे जणांची नावे आहेत. परंतु व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्या खलाशांची नावे मात्र सहा हजारांहून अधिक आहेत. अशीच दुसरी वही चटगाव येथे ठेवलेली आहे.

हे आकडे वाचून कोणाच्याही मनात एक प्रश्न उभा राहील. आरमारातील सैनिक युद्धात कामी येतात, हे समजण्याजोगे आहे. पण व्यापारी जहाजावरचा खलाशी सैनिक नसतो. कापूस, गहू, कोळसा, तेल असा माल एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेणे, हे त्याचे काम. मग युद्धस्मारकात त्याची नावे इतकी का असावीत?

याचे उत्तर मिळण्यासाठी युद्धाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. रणांगणावर लढणाऱ्या सैनिकाला रोज अन्न लागते, पाणी लागते. त्याला बंदुकीबरोबर गोळ्या, बुटांबरोबर मोजे आणि जखम झाल्यास मलमपट्टी लागते. पूर्वी सैन्याबरोबर घोडे आणि खेचरे असत. त्यांना दाणावैरण लागे. पुढे मोटारी, रणगाडे आणि विमाने आली. त्यांना तेल लागते. युद्धभूमी समुद्रापलीकडे असेल, तर हे सारे जहाजांतूनच न्यावे लागते. युद्धनौका या कामाच्या नसतात. त्यांच्या पोटात तोफा, दारूगोळा आणि यंत्रे यांनीच जागा व्यापलेली असते. शेकडो मालवाहू जहाजे बांधून ती शांततेच्या काळात रिकामी उभी करून ठेवणे, हे कोणत्याही सरकारला परवडत नाही. म्हणून एरवी व्यापार करणारी जहाजे युद्ध सुरू होताच हाताशी यावीत, अशी तजवीज प्रत्येक समुद्रसंपन्न देश आधीच करून ठेवतो. ही तजवीज कशी केली जाते, हे एका जहाजाच्या चरित्रावरून चांगले समजेल.

इ. स. १८९१ मध्ये इंग्लंडमधील बॅरो या गावी एक सुंदर आगबोट बांधून तयार झाली. तिचे नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. कॅनडातील व्हँकुव्हर बंदरातून जपान आणि चीनकडे टपाल व उतारू नेण्यासाठी कॅनडाच्या एका रेल्वे कंपनीने ती बांधवून घेतली होती. या टपालाच्या कामासाठी सरकार कंपनीला दरवर्षी ठरावीक रक्कम देत असे. त्या मदतीबरोबर एक अटही होती. जहाजाची बांधणी अशी करावयाची, की प्रसंग पडल्यास त्यावर तोफा बसविता याव्यात. अशा रीतीने शांततेच्या काळात टपाल नेणारे जहाज युद्धकाळात लढाऊ नौकेचे काम करू शके. याच आगबोटीचे भावंड 'एम्प्रेस ऑफ जपान'. १९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटताच त्यावर खरोखरीच तोफा चढविण्यात आल्या. शांततेत मदत द्यावयाची आणि तिच्या बदल्यात युद्धात हक्क राखावयाचा, हा जहाजे मिळविण्याचा पहिला मार्ग होय.

परंतु सर्वच जहाजमालकांशी असे करार झालेले नसतात. म्हणून दुसरा मार्ग अवलंबावा लागतो. त्याला अधिग्रहण म्हणतात. अधिग्रहण म्हणजे जप्ती नव्हे. जप्तीत मालकी जाते आणि मोबदला मिळत नाही. अधिग्रहणात जहाज मालकाचेच राहते. मात्र त्याचा उपयोग कसा करावयाचा, हे सरकार ठरविते. त्यासाठी कायद्याचा आधार लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी, १९३९ साली, हिंदुस्थानात भारत संरक्षण कायदा करण्यात आला आणि त्याखालील नियमांनी सरकारला असे अधिकार मिळाले. सरकारचा हुकूम आला, की जहाजाला हाती असलेला प्रवास पुरा करून किंवा मध्येच सोडून नेमून दिलेल्या बंदरात यावे लागे. तेथे त्यातील माल उतरविण्यात येई आणि सुतार, लोहार व रंगारी कामाला लागत. उतारूंच्या खोल्या काढून सैनिकांसाठी फळ्यांचे मजले बांधीत. घोडे न्यावयाचे असल्यास तळघरात खण पाडीत.

जहाजाच्या उपयोगाबद्दल मालकाला भाडे मिळते. ते बहुधा जहाजाच्या टनांच्या मापावर दरमहा आकारले जाते. नेहमीच्या पद्धतीत कप्तान, खलाशी आणि त्यांचे पगार यांची व्यवस्था मालकच पाहतो; जहाज कोठे न्यावयाचे, हे मात्र सरकार सांगते. कधीकधी सरकार रिकामे जहाज घेते आणि त्यावर आपली माणसे नेमते. जहाज शत्रूने बुडविले, तर मालकाला भरपाई द्यावी लागते. युद्धात विमा कंपन्या एवढा मोठा धोका पत्करण्यास तयार नसतात. तेव्हा सरकार स्वतःच विम्याची हमी घेते. ब्रिटिश सरकारने १९१४ च्या ऑगस्टमध्ये हेच केले. तसे केले नसते, तर बुडण्याच्या भीतीने कित्येक जहाजे बंदरातच उभी राहिली असती.

ही भीती निराधार नव्हती. त्याच वर्षी 'एम्डेन' नावाच्या जर्मन युद्धनौकेने बंगालच्या उपसागरात अनेक व्यापारी जहाजे बुडविली आणि २२ सप्टेंबर रोजी मद्रास बंदरावर तोफा डागल्या. अशा परिस्थितीत १६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबई बंदरातून आगबोटींचा एक मोठा ताफा सैन्य घेऊन बाहेर पडला. त्यातील काही आगबोटी पूर्व आफ्रिकेकडे, तर काही इराणच्या आखाताकडे गेल्या. काही आठवड्यांपूर्वी यांपैकी कित्येक आगबोटी साधा माल आणि साधे उतारू यांची ने-आण करीत होत्या.

आता पुन्हा 'एम्प्रेस ऑफ इंडिया'कडे वळू. जहाज मिळविण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे ते सरळ विकत घेणे. १९१४ च्या डिसेंबरमध्ये ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ही जुनी आगबोट विकत घेतली आणि हिंदी सैनिकांसाठी तिचे इस्पितळ-जहाज केले. १९१५ च्या जानेवारीत तिला 'लॉयल्टी' हे नवे नाव मिळाले. जेथे श्रीमंत उतारू चहा घेत बसत, तेथे आता जखमी शिपायांच्या खाटा लागल्या. युद्ध संपेपर्यंत या आगबोटीने रुग्णसेवा केली.

महायुद्धाने हिंदुस्थानातील व्यापाऱ्यांना एक कटू धडा शिकविला होता. देशाचा समुद्रावरील व्यापार जवळजवळ सर्वस्वी परकीय कंपन्यांच्या जहाजांतून चाले. ती जहाजे युद्धासाठी घेतली जाताच मालाला जागा मिळेना आणि भाड्याचे दर भरमसाट वाढले. ज्या देशाजवळ स्वतःची जहाजे नाहीत, त्याने संकटकाळी कोणाच्या तोंडाकडे पाहावे? सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी हे ओळखले. त्यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लूभाई सामळदास यांच्या सहकार्याने १९१९ च्या मार्चमध्ये मुंबईत सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली आणि 'लॉयल्टी' आगबोट विकत घेतली. ५ एप्रिल १९१९ रोजी ही आगबोट मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. भारतीय मालकीच्या कंपनीचे जहाज परदेशी व्यापारासाठी निघाल्याचा तो संस्मरणीय दिवस म्हणून १९६४ पासून ५ एप्रिल हा 'राष्ट्रीय सागरी दिन' म्हणून पाळला जातो. टपालाची बोट, युद्धातील इस्पितळ आणि पुन्हा व्यापारी जहाज, अशा तिन्ही भूमिका एकाच आगबोटीने पार पाडल्या.

वीस वर्षांनी दुसरे महायुद्ध आले. सिंदिया कंपनीची जहाजेही आता युद्धकार्यासाठी घेण्यात आली. या वेळी पाणबुड्यांची भीती फार मोठी होती. पाण्याखालून येणारी पाणबुडी दिसत नाही. तिने सोडलेला पाणतीर जहाजाच्या कुशीत शिरतो आणि काही मिनिटांत जहाज तळाशी जाते. तेव्हा जहाजे नुसती मिळवून भागत नाही. ती सुखरूप पोहोचवावी लागतात. यासाठी काफिल्याची पद्धत वापरतात. दहा, वीस, कधी पन्नासहून अधिक व्यापारी जहाजे एकत्र रांगा करून निघतात. त्यांच्या पुढे, मागे व बाजूंना युद्धनौका असतात. काफिल्यातील सर्वांत मंद जहाजाच्या वेगानेच सर्वांना जावे लागते. रात्री एकही दिवा बाहेर दिसू द्यावयाचा नसतो. मार्ग गुप्त ठेवतात. बंदरातील आरमारी कचेरी कप्तानाला जो मार्ग लिहून देते, त्यानेच त्याने जावयाचे असते. शिवाय व्यापारी जहाजाच्या डेकावर एखादी तोफ बसवितात.

ती एक तोफ किती मोलाची ठरू शकते, हे ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात दिसून आले. 'ओंदिना' हे हॉलंडचे तेलवाहू जहाज 'बेंगाल' या हिंदी आरमारातील लहानशा नौकेच्या सोबतीने चालले होते. 'बेंगाल' ही खरी तर समुद्रातील सुरुंग काढणारी नौका. तिच्यावर एकच लहान तोफ होती आणि 'ओंदिना'वरही एकच. अकस्मात दोन मोठी जपानी जहाजे समोर आली. ती पूर्वी उतारू आणि माल नेणारी व्यापारी जहाजे होती. जपान सरकारने ती घेऊन त्यांवर अनेक तोफा चढविल्या होत्या. 'बेंगाल'ने माघार न घेता सरळ त्यांच्यावर चाल केली. तोफांच्या माऱ्यात 'होकोकू मारू' या जपानी जहाजावर प्रचंड स्फोट झाला आणि ते बुडाले. 'ओंदिना'चा कप्तान मारला गेला. परंतु जायबंदी झालेले ते जहाज अखेर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला परतले. 'बेंगाल'ही बचावली.

सर्वच जहाजे इतकी सुदैवी नव्हती. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये सिंदिया कंपनीचे 'जलबाला' हे जहाज जर्मन पाणबुडीने बुडविले. १६ मार्च १९४४ रोजी त्याच कंपनीचे 'एल मदिना' हे जहाज कलकत्त्याहून चटगावकडे सैनिक घेऊन जात असता जपानी पाणबुडीच्या पाणतीराला बळी पडले. त्यात साडेतीनशेहून अधिक माणसे दगावली.

जहाजे अशी बुडू लागली, की नवी बांधण्यावाचून गत्यंतर नसते. अमेरिकेने एकाच नमुन्याची 'लिबर्टी' जहाजे बांधण्यास आरंभ केला. त्यांचे सुटे भाग निरनिराळ्या ठिकाणी तयार होत आणि गोदीत ते नुसते जोडण्यात येत. अशी २,७१० जहाजे तयार झाली. त्यांपैकी एक तर पाच दिवसांहून कमी वेळात जोडले गेले! कॅनडातही अशीच जहाजे बांधली जात आणि त्यांना 'फोर्ट' या शब्दाने सुरू होणारी नावे देत. त्यांपैकी एकाचे नाव मुंबई कधी विसरणार नाही. ते नाव म्हणजे 'फोर्ट स्टिकीन'.

हे जहाज १९४४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडहून निघाले. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती. वाटेत कराची बंदरात त्यावर कापसाच्या हजारो गाठी चढविण्यात आल्या. मुंबईत दादर, परळ, लालबाग या भागांत तेव्हा कापडाच्या गिरण्या अहोरात्र चालत. मुंबई ही कापसाची मोठी बाजारपेठ होती. शांततेच्या काळात कापूस आणि स्फोटके एका जहाजात कोणी ठेवली नसती. परंतु जहाजे थोडी आणि माल फार, अशी युद्धकाळाची अडचण होती. १४ एप्रिल रोजी दुपारी हे जहाज व्हिक्टोरिया गोदीत उभे असता कापसाने पेट घेतला. अग्निशामक दलाचे जवान जहाजात स्फोटके आहेत, हे ठाऊक असूनही आग विझवीत राहिले. चारच्या सुमारास एक आणि अर्ध्या तासात दुसरा, असे दोन महाभयंकर स्फोट झाले. गोदीतील अनेक जहाजे आणि शेजारच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. कित्येक मैलांवरील घरांची तावदाने फुटली. सात किलोमीटर दूर असलेल्या दादरसारख्या भागालाही हादरा बसला. मृतांची संख्या आठशे ते तेराशे यांच्या दरम्यान मानली जाते. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जण होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर 'अग्निशमन सेवा दिन' म्हणून पाळतात. युद्धाची घाई कितीही असली, तरी माल भरण्याचे नियम मोडल्यास शत्रूवाचूनही केवढा अनर्थ ओढवतो, हे या दिवसाने दाखवून दिले.

जहाजे युद्धाकडे वळविली, म्हणजे सामान्य जनतेलाही झळ पोहोचते. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तेथून येणारा तांदूळ थांबला. पुढच्या वर्षी बंगालात भीषण दुष्काळ पडला. त्याची कारणे अनेक होती. परंतु बाहेरून धान्य आणण्यासाठी पुरेशी जहाजे देण्यात आली नाहीत, हे त्यांपैकी एक होते. लाखो माणसे उपासमारीने व रोगराईने मृत्युमुखी पडली. म्हणूनच कोणती जहाजे सैन्यासाठी घ्यावयाची आणि कोणती प्रजेच्या अन्नासाठी राखावयाची, हा निर्णय सरकारच्या न्यायबुद्धीची कसोटी पाहणारा असतो.

स्वातंत्र्य मिळाले, तेव्हा भारताजवळ केवळ सुमारे दोन लाख टनांची जहाजे होती. नव्या सरकारने या बाबतीत लक्ष घातले. १९४९ साली मुंबईत नौवहन महासंचालनालय सुरू झाले. १९५८ मध्ये संसदेने व्यापारी जहाजांसंबंधी व्यापक कायदा केला आणि १९६१ मध्ये सरकारी मालकीचे भारतीय नौवहन महामंडळ स्थापन झाले. देशातील प्रत्येक जहाजाची नोंद ठेवली जाऊ लागली. त्याचे वजन किती, वेग किती, त्यावर कसला माल मावतो, ही माहिती तयार असली, म्हणजे संकटकाळी कोणते जहाज कोणत्या कामाला घ्यावे, हे ठरविता येते. १९७१ च्या डिसेंबरमध्ये बांगला देशाच्या युद्धात ही तयारी उपयोगी पडली. महामंडळाच्या 'विश्वविजय' या व्यापारी जहाजातून सैनिक कलकत्त्याहून निघाले आणि पुढे समुद्रातच आरमाराच्या नौकांवर चढून कॉक्स बझारच्या किनाऱ्याकडे गेले.

इतर देशही हेच करीत आले आहेत. १९८२ च्या एप्रिलमध्ये फॉकलंड बेटांवरून ब्रिटन व अर्जेंटिना यांच्यात युद्ध जुंपले. तेव्हा 'युगांडा' नावाचे जहाज शेकडो शाळकरी मुलांना घेऊन भूमध्य समुद्रात शैक्षणिक सफरीवर होते. सरकारचा हुकूम आला आणि मुलांना इटलीतील नेपल्स बंदरात उतरावे लागले. पुढे जिब्राल्टर येथे त्या जहाजावर शस्त्रक्रियेच्या खोल्या आणि रुग्णांच्या खाटा बसविण्यात आल्या. काही दिवसांपूर्वी मुलांच्या हास्यविनोदाने भरलेले ते जहाज इस्पितळ होऊन रणभूमीकडे निघाले.

जहाजांची ही कथा येथे संपत नाही. जहाज लोखंडाचे असते. ते चालवितात माणसे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे, गोमंतकातले, गुजरातेतले, तसेच सिल्हेट आणि चटगावकडचे हजारो लोक ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर नोकरी करीत. कोणी सारंग, कोणी तांडेल, कोणी भंडारी, तर कोणी भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला. गोऱ्या खलाशांच्या मानाने त्यांना पगार कितीतरी कमी मिळे. आगवाल्याची जागा जहाजाच्या अगदी तळाशी. पाणतीर बसला, म्हणजे पाणी प्रथम तेथेच शिरे आणि वर येण्याची शिडी फार लांब पडे. असे असूनही एक जहाज बुडाल्यावर त्यातून वाचलेले कित्येक खलाशी पुन्हा दुसऱ्या जहाजावर नोकरी धरीत. कारण घरी कोकणात म्हातारी आई आणि लहान मुले त्यांच्या मनिऑर्डरीची वाट पाहत असत.

मशीद स्थानकाजवळच्या त्या वहीत सहा हजारांहून अधिक नावे का आहेत, याचे उत्तर हे होय. सरकारला जहाज हुकमाने घेता येते; त्याचे भाडे टनांवर ठरविता येते आणि बुडाल्यास त्याची किंमत चुकविता येते. परंतु त्या जहाजावर जो खलाशी रात्रीच्या अंधारात, दिवा न लावता, आपले नेमून दिलेले काम करीत उभा राहतो, त्याच्या प्राणांची किंमत कोणत्याही हिशेबात बसत नाही. युद्धाच्या इतिहासात सेनापतींची नावे मोठ्या अक्षरांत लिहिली जातात. ज्यांनी त्या सेनांना अन्न आणि दारूगोळा पोहोचविला, त्यांची नावे गोदीजवळच्या एका वहीच्या पानांत आहेत. ती वही दादरहून केवळ सहा स्थानकांच्या अंतरावर आहे.